आईसाठी दादा अजून येतोय

दादा गेला, हे मी इथं लिहितेय, कारण माझ्या घरात ते बोलायची सोय नाही. नांदेडच्या या दोन खोल्यांत आई माझ्याजवळ राहते, आणि आईच्या लेखी दादा अजून यायचा आहे.

तो गेला तो औशाला, त्याच्या घरी, सकाळी, आंघोळीचं पाणी काढता काढता. फोन आला तेव्हा मी आईची वेणी घालत होते. 'ताई, हे बोलूनच नाही राहिले,' एवढंच वहिनी म्हणाली... आणि मी वेडी, तिलाच म्हणाले, रुसला असेल गं.

माझा हा थोरला भाऊ बालाजी औशाच्या शाळेत मराठी शिकवायचा. व्याकरण म्हटलं की पोरांच्या पोटात गोळा येतो, म्हणून दादा काळ शिकवायचा तो दाराशी. एकदा मी व्हरांड्यात उभी राहून पाहिलं होतं. एका पोराला उठवून त्यानं दाराकडं चालायला लावलं. 'आता काय?' 'जातोय!' पोरगं उंबऱ्याबाहेर पडलं तसा वर्ग ओरडला, 'गेला!' मग दादा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, 'गेला? मग दारामागं कोण हसून राहिलंय?' पोरं बाकं बडवून हसली. स्वतः मात्र काळाच्या बाबतीत पक्का लबाड. नांदेडला यायचं ठरलं की फोन करायचा, 'आलोच!' मी इकडं पोह्यांना फोडणी घालायचे, आणि हा लातूरच्या स्टँडवर चहा पिऊन राहिलेला. मी चिडायचे, 'आलोच काय रे, बस तरी हलली का?' तर म्हणायचा, 'अगं, निघायचं मनात आलं की मराठी माणूस पोचलेलाच असतो. यात माझी काय चूक?' असा चावट.

दादा गेला त्या दिवशी आईला आम्ही औशाला नेलं होतं. तिनं लेकाला पाहिलं, ऊर बडवून रडली. नांदेडला परतल्यावर सकाळी चहा पिताना म्हणाली, 'बालाजी कधी येऊन राहिला गं?' मी सांगितलं. पुन्हा तोच हंबरडा, अगदी पहिल्यासारखा... दुपारी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा सांगितलं. शेवटी तिच्या विसरण्यावर औषध देणारे डॉक्टर म्हणाले, 'कशाला सांगता? तुमच्यासाठी ते एकदा गेले. यांच्यासाठी रोज जातील.' तेव्हापासून मी म्हणते, 'येऊन राहिला, आई.' भिंतीवर फोटो नाही, हार नाही. कुणी भेटायला आलं की त्याला जिन्यातच गाठते, बाबा रे, आत 'होते' म्हणू नका, 'आहेत' म्हणा. माझ्याच तोंडून 'होता' निसटेल या धास्तीनं मी दादाविषयी बोलणंच सोडलंय. मेल्या माणसाला त्याच्याच माणसांनी असं घराबाहेर ठेवावं? राग येतो. पण काढायचा कुणावर? आईवर?

महिन्याभरानं वहिनी चार दिवस राहायला आली. आई तिच्या कपाळाकडं बघतच राहिली. 'सुमन, कपाळ रितं कशापायी ठेवलंस बाई? नवरा जिता हाय, असं करू न्हाई.' वहिनी आत गेली, आणि माझ्या आरशाला चिकटवलेली टिकली लावून बाहेर आली. आई खुशीत, तिच्या गालावरून हात फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी खालची शेजारीण जिन्यात मला हळूच म्हणाली, 'एवढ्यात टिकली?' माझं डोकंच फिरलं. 'कपाळ तिचं, टिकली माझी, सासू तिची. तुमचं काय दुखून राहिलंय हो?' वर दारात उभ्या वहिनीनं ते सगळं ऐकलं आणि हसली, कितीतरी दिवसांनी. 'राहू द्या हो ताई. आईंच्या खोलीत बसले ना, की वाटतं हे बाहेर कुठंतरी गेलेत, येतीलच. चार दिवस मला बी तसं वाटू द्या.' तिला त्या खोटेपणात थोडा नवरा तरी मिळत होता. मला नुसती राखण.

ती गेली त्या दुपारी मी वेणी घालायला आरशासमोर उभी राहिले. जाताना कपाळावरची टिकली काढून तिनं परत जागेवर चिकटवली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन खाली बसले आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. पदर तोंडात कोंबला तरी आवाज थांबेना. दादा रे, दादा... भिंत धरत धरत आई आली. 'काय झालं गं बाई? का रडून राहिलीस?' सांगावं तर ती मोडते, न सांगावं तर मी. माझ्या शेजारी ती कशीबशी टेकली, पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाली, 'बालाजी काही बोलला का तुला?'

मी मान डोलावली. हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते...

'येऊ दे त्याला,' आई म्हणाली. 'बघतेच मी. धाकट्या बहिणीला असं रडवतात व्हय!'