वेगाची घंटी

इथे आखातात, बरका गावातल्या गॅरेजमध्ये एक रत्नागिरीकडचे मेकॅनिक आहेत. ते आधी डोळे मिटून इंजिन ऐकतात. तोवर कुणी बोलू लागले, तर हात वर करून गप्प करतात. माझी गाडी युरोपातून मागवलेली. तिथल्या नव्या नियमानुसार तिच्यात वेगमर्यादा ओलांडताच घंटी वाजते. ती कायमची बंद करून द्यावी, अशी मी त्यांना विनंती केली.

“ब्रेकपण काढून देऊ काय, साहेब?” ते हसले आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले. “यल्ला, चला, चालवा.”

शेतांमधल्या रस्त्यावर घंटी वाजली, तसे त्यांनी बोटाने सायकलवरचा मजूर दाखवला. पुन्हा वाजली, तेव्हा भाजीची टोपली घेऊन रस्ता ओलांडायला थांबलेला म्हातारा दाखवला. मी गाडी थांबवली. म्हातारा सावकाश पलीकडे गेला आणि त्याने हात उंचावला.

“सलाम केलान तुम्हाला. घ्या की!”

मी ओशाळून हात वर केला. याच रस्त्याने मी नऊ वर्षे जात होतो. मला कधी घाई नव्हती, केवळ वेगाची सवय होती. आणि ही माणसे मला कधी दिसलीच नव्हती.

“मग, काढू घंटी?” त्यांनी विचारले.

“राहू द्या,” मी म्हणालो.