आमची काहील, आमचा कायदा

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीनंतर पेन फारसं हातात आलं नाही. कुणी वाचलंच तर माफ करावं. पण आमच्या गुऱ्हाळाचे मालक परवा वारले, चौकात त्यांचा हार घातलेला फोटो लागलाय, आणि जो तो त्यांच्याबद्दल चांगलंच बोलतोय. म्हणून माझं मी लिहितेय.

बोलताना ते डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटायचे. "आमच्या काहिलीत काय घालायचं ते आमी ठरवनार!" काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई. तिच्यापुढे उभे राहिले की मालक राजासारखे दिसायचे.

बाहेरच्या देशात गूळ पाठवणाऱ्या कंपनीचा पोरगेला माणूस पहिल्यांदा आला तेव्हाही टोपी अशीच आपटली होती. तो म्हणाला, "काका, गुळात पावडर चालत नाही. तिकडं तपासतात."

"मग तेनी तेंच्या देशात तपासावं की. आमच्यात कशाला नाक खुपसत्यात?"

"आपल्या सरकारनंच त्यांच्याशी करार करून सह्या केल्यात, काका. आपला माल त्यांनी तपासायचा, त्यांचा आपण."

"सही दिल्लीनं केली. मी केली काय?"

सगळे हसले. पदराआड मीही हसले. मग मालकांनीच त्याला गरम गूळ आणि शेंगा दिल्या. असे होते ते. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायचे, "ओ पावनं, रस पिऊन जावा!" पैसे घ्यायचे नाहीत. माझी पोर लहान असताना तिला खांद्यावर घेऊन हिंडायचे, बोटानं काकवी चाटवायचे. "ही नर्स हुनार बघ. म्हातारपनी मला सुई टोचनार." तुमच्याही ओळखीत असा माणूस असेल.

गुळात घालायची पावडर पांढरी असते. ती घातली की गूळ पिवळाधमक दिसतो आणि बाजारात भाव चढतो. वाफ नाकात गेली की घसा जळतो. भेंडीची हिरवी खोडं ठेचून त्याचं चिकट पाणी रसात घातलं तरी रसातली घाण, म्हणजे मळी, वर येते, पण गूळ तांबूस राहतो. ती खोडं ठेचायचं काम माझं.

पोरीचा नर्सिंगला खरंच नंबर लागला, त्या वर्षीची गोष्ट. फी एकदम भरता यावी म्हणून हंगामाची सगळी मजुरी मी मालकांकडेच ठेवली होती. हंगाम संपता संपता व्यापाऱ्यानं आणखी पिवळा गूळ मागितला. मालकांनी पावडरीचा डबाच काहिलीत उपडा केला. गुळाला वास यायला लागला, व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. तेव्हा सगळ्यांसमोर मालक माझ्याकडे बोट करून ओरडले, "हिनं नासकं भेंडीचं पानी घातलं!"

मी म्हणाले, "मालक, पावडर..."

"माझ्या गुऱ्हाळात मला शिकिवतीस?"

नुकसानीपोटी त्यांनी माझी हंगामाची मजुरी ठेवून घेतली. दाद कुणाकडे मागायची? गावात त्यांचेच भाऊबंद. पोर कोल्हापुरात कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागली. प्रवेश गेला, वर्षही गेलं.

परक्यानं आपल्यावर हुकूम चालवावा, याचा मालकांना फार राग यायचा. तो राग मला चांगला कळायचा. मला तो रोज यायचा.

दुसरीकडे कामाला का गेले नाही, असं तुम्ही विचाराल. मला त्यांना पडताना बघायचं होतं.

पुढच्या हंगामात परदेशी गूळ पाठवणाऱ्या त्याच कंपनीनं मोठी मागणी दिली. मालकांनी एक काहील बिनपावडरीची काढली आणि त्या तांबूस ढेपा पुढं मांडल्या. पाठवायचा पिवळा माल मागं ताडपत्रीखाली. कंपनीचा तोच माणूस नमुना न्यायला आला, आणि मालक त्याच्यासाठी ताजा रस काढायला चरकाकडे गेले.

त्यानं मला विचारलं, "मावशी, पाठवायचा माल हाच ना?"

परक्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही. मी हनुवटीनं ताडपत्री दाखवली.

त्यानं ती उचलली. "यात पावडर आहे?"

"व्हय," मी म्हणाले. एवढंच.

त्यानं तिथला तुकडा पिशवीत टाकला. मालकांनी आणलेला रस पिऊन, नमस्कार करून तो गेला. आठवड्यात निरोप आला, मागणी रद्द. सगळा गूळ जनावरांच्या खाद्यासाठी मातीमोल गेला. ट्रक भरताना मालक दगडावर बसून होते, टोपी हातात. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "ताडपत्री कुनी दावली?"

"मी," मी म्हणाले.

"घरातली गोष्ट परक्याला सांगितलीस? आपल्या देशाचा गूळ परदेशी लोकांकडनं नाकारून घेतलास? लाज न्हाय वाटली?"

मी विचारलं, "मालक, गावात तुमच्यावर कोन हाय? कुनाला सांगायचं हुतं मी?"

टोपी मांडीपर्यंत गेली, पण आपटली नाही. दुसऱ्या दिवसापासून मला कामावर बोलावलं नाही.

पुढच्या दसऱ्यानंतर कंपनी परत यायला तयार झाली, पण अट घालून: आधी कामाच्या बायकांना बाजूला घेऊन विचारणार, मला तर घरी येऊन. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मालक माझ्या दारात उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पावडर बंद केलीया मी," ते म्हणाले. "उद्या काय सांगशील?"

"आसंल ते."

"तेवढं नीट सांग, बाई. पोटावर पाय दिऊ नगंस."

माझ्या पोटावर पाय कुणी दिला होता, ते त्यांनी काढलं नाही. मीही नाही. खिशातून त्यांनी माझ्या अडवलेल्या मजुरीच्या, रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या आणि उंबऱ्यावर ठेवल्या. भीतीनं आणलेले पैसे होते ते. मला चालले.

पोर कोल्हापूरहून घरी आली होती. उशिरानं का होईना, पुन्हा फॉर्म भरायचा म्हणून कागद लावत बसली होती. तिनं बाहेर येऊन नोटा मोजल्या. लहानपणी खांद्यावर घेतलेल्या पोरीकडं मालक बघत राहिले. तिनं वर पाहिलं नाही.

"पुरे हायती, आई," ती म्हणाली.

कोल्हापूरकडं दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात. मालक थोडा वेळ थांबले. मी पैसे उचलले आणि दार लावून घेतलं.