जमादाराची कादंबरी आणि माझं नख

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना डोकं आधी काढायचं सोडून पाय आधी काढले. आईच्या जिवावर बेतलं होतं, आणि ते ती मला विसरू द्यायची नाही. भाजी करपली तरी म्हणायची, "उलटीच आली ते, सुलटं काय करनार?"

पण गावाला माझा उपयोग होता. आमच्या नार्नूरकडच्या भागात, म्हणजे तेलुगू राज्यातल्या मराठी पट्ट्यात, कंबरेत चमक भरली की पायाळूची लाथ खातात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर सकाळी सकाळी आमच्या दारात कण्हणारी माणसं उभी असायची. पाटलाघरचे लोक आमच्या वस्तीत पाण्याचा घोट घेत नव्हते, पण लाथ बिनबोभाट घ्यायचे. मीही मनापासून द्यायची. काहींना तर एक जास्तीची दिली. वडील शाळामास्तर, घरात बुद्धवंदना, अंगारे-धुपारे बंद. ते येणाऱ्या प्रत्येकाला ओट्यावर बसवून अंधश्रद्धेवर भाषण द्यायचे. एकदा त्यांचीच कंबर धरली, तेव्हा आतून दार लावून म्हणाले, "मार. पण हळू. आन् भायेर बोलू नको."

जमादार असाच कंबर धरून आमच्याकडे आला. हा पोलीस जमादार गोदावरीच्या पलीकडून बदलून आलेला तेलुगू माणूस. आमच्याशी हिंदी बोलायचा, ती त्याला आणि आम्हाला सारखीच कमी समजायची. खाटेवर पालथा पडला, मी लाथ दिली, तो "अय्यो!" म्हणून ओरडला आणि सरळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी एक जाडजूड तेलुगू कादंबरी घेऊन हजर. "पढो अम्मायी. तुम्हारेच ऊपर लिखा है."

माझी शाळा तेलुगूतून झालेली, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती. त्या कादंबरीतली बाईही पायाळू; ती डोळे मिटायची आणि तिला खून दिसायचा. खुनी माणसाचा बूट दिसायचा, अंगठी दिसायची, गाडीचा नंबरही दिसायचा, फक्त त्यातले मागचे दोन आकडे शेवटच्या प्रकरणापर्यंत धुक्यात राहायचे. तिने डोळे उघडले की जीप घेऊन एक देखणा इन्स्पेक्टर हजर. जमादार त्या इन्स्पेक्टरसारख्या मिशा कातरायचा. मी दुपारी गल्लीतल्या बायांना ती गोष्ट मराठीतून सांगायची, आणि रंगात आली की दोन-चार मुडदे माझ्या पदरचे टाकायची.

त्यात सगळ्यात पुढे बसायची आमच्या शेजारची मावशी. नात्याची नाही, गल्लीची. नवरा वारलेला, दोन पोरी, आणि ग्रामपंचायतीत झाडझुडीचं काम. खुनाच्या ऐन भरात ती विचारायची, "त्या बाईले येवढं दिसून राह्यलं, त जेवते कवा?" पंचायतीला सरकारकडून टीव्ही मिळाला होता. तो दाराच्या लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली मावशीच्या कमरेला. रविवारी सिनेमाच्या वेळी ती पेटी उघडायची तेव्हा तिचा थाट पाहावा! तिला त्या कामावर कायम करायचं सरपंचानं कबूल केलं होतं, आणि त्या एका शब्दावर मावशीच्या घरात सगळे बेत चालायचे.

आणि एका सकाळी पेटी उघडली तर आत टीव्हीच नाही. कुलूप मात्र धडधाकट.

सरपंच म्हणाला, "किल्ली हिच्यापाशी, कुलूप साबूत. मंग दुसरं कोन?" दुसरी किल्ली त्याच्याच घरी खुंटीला होती हे अख्ख्या गावाला ठाऊक, पण बोलणार कोण? मावशी छाती पिटून सांगत होती, "मीनं नाई घेतला! घेऊन करू काय? माया घरी लाईट तरी हाय काय?" खरं होतं. तिच्या घरी चिमणी जळायची. टीव्ही काय चिमणीवर लावणार होती ती? पण माणसं एकदा ठरवून बसली की चिमणी दिसत नाही त्यांना. सरपंचानं सांगून टाकलं, बाजाराच्या दिवसापर्यंत टीव्ही आला नाही तर कायम होणं दूरच, आहे ते कामही गेलं. मावशी दारोदार जाऊन तेच सांगत राहिली. बाया "हो ना बापा" म्हणायच्या, आणि ती वळली की एकमेकींकडे पाहायच्या.

जमादार चौकशीला आला तो सरळ आमच्या घरी. खिशात कागदाची पुडी, पुडीत एरंडेलात कालवलेली काजळी. पायाळू माणसाच्या नखाला अंजन लावलं की त्याला चोर दिसतो, असं म्हणतातच. त्यात आता कादंबरीचा पुरावा. वडील असे भडकले की चष्मा निसटला. "माया घरात अंजन? तुमी सरकारी मानूस हाये का भगत?" मीही नाही म्हटलं. तेव्हा जमादार बारीक आवाजात म्हणाला, "नको तो नको. फिर मावशी को ठाने को लेके जाना पडता." मग मी अंगठा पुढे केला. दुसरं काय करणार?

बाजाराच्या दिवशी दुपारी पंचायतीच्या ओट्यावर मला बसवलं. सौदा करायला आलेली माणसं सौदा सोडून तिथं जमली. मावशी एका बाजूला, हिरव्या लुगड्यात, तोंड सुकलेलं. जमादारानं माझ्या अंगठ्याला काजळी फासली आणि मिशीवर बोट फिरवलं.

"क्या दिखरा अम्मायी?"

"नख," मी म्हटलं.

"ध्यान से देखो. हरी साडी दिखरी?"

माझं डोकंच सणकलं. हा तर मलाच पढवायला लागला! नख पाहते आहे मी की याचं पाठांतर म्हणते आहे? "नाही दिसरी!" म्हणून मी मान आणखी खाली घातली. मी काहीही बोलली तरी गाव ते ब्रह्मवाक्य धरणार, आणि काहीच बोलली नाही तर ठाणं आहेच. शेवटी नेहमीच्या सवयीनं स्वतःशीच पुटपुटली, "कुलूप साबूत, पेटी साबूत, मंग टीव्ही गेला कसा? इथंच त सारी मेक हाय!"

आता पुस्तकात मेख लिहितात. इथंच तर मेख आहे, म्हणजे इथंच तर घोडं अडतं. पण आमच्याकडे तो ख कोणी जोर देऊन म्हणत नाही, मेकच म्हणतात. आणि तेलुगूत मेका म्हणजे शेळी.

"मेका!" जमादार उडालाच. "देखा! सारी मेका दिखरी इस को!"

"मेका! मेका!" सगळ्या बाजारात झालं. आमची माणसंही बाजारात अर्धं तेलुगूच बोलतात, त्यांनाही शेळ्याच दिसल्या. माझे वडील तेवढे हात वर करून ओरडत होते, "अरे, मेख! मेख म्हंजे खुंटी! लाक्षणिक अर्थ हाये तो!" पण लाक्षणिक अर्थ कोणाला पाहिजे होता? लोकांना शेळ्या पाहिजे होत्या.

निघाली वरात. पुढे जमादार, मागे गाव, आणि ज्याच्या घरी शेळी त्याच्या घरची झडती. एका म्हातारीनं जमादाराला विचारलं, "आता बकरीच्या पोटात पाह्यतं काय रे?" आणि त्यानं खरंच शेळीकडे नीट पाहून घेतलं. एका बोकडानं त्याची टोपी खाली पाडली. कंबर पुन्हा धरते की काय असं मला वाटायला लागलं. असं करत करत वरात सरपंचाच्या साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, शेळ्यांच्या कोठ्यापाशी आली आणि जमादाराचे पाय तिथंच थबकले. "यहां जरूरत नहीं," म्हणाला, आणि वळायला लागला.

तेव्हा मावशी पुढे आली. "काऊन? पोरीनं सारी मेका म्हनलं ना? हा का हत्ती पाळते?"

लोक हसले. मग सगळेच ओरडायला लागले, "सारी म्हंजे सारी!" जमादाराला आत जावंच लागलं.

कडब्याच्या पेंढ्यांखाली टीव्ही होता. शेळ्यांनी त्याची वायर चघळून चोथा केलेला. साळा आधी म्हणाला रिपेरीला आणला, मग म्हणाला दोस्तांबरोबर क्रिकेटची मॅच पाहायची होती, गावात बोंब उठली तर परत कसा नेऊ? सरपंचानं सगळ्यांसमोर त्याला दोन शिव्या घातल्या आणि विषय मिटवला. चोरी म्हणायची नाही, पोरखेळ म्हणायचं असं ठरलं. मावशीचं काम राहिलं, कायम करायचंही पुन्हा कबूल झालं. जमादार आनंदानं जवळजवळ रडला. माझ्या दारात लाथेच्या गिऱ्हाइकांबरोबर आता नखाचीही गिऱ्हाइकं यायला लागली. कोणाचा बैल हरवलेला, कोणाचा नवरा बेल्लमपल्लीच्या खाणीवर गेलेला आणि तिथं काय करून राह्यला ते पाहायचं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की माझं अंजन संपलं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत मावशीकडे गेली. "वाचली बापा तू मावशी!" म्हटलं. ती भांडी घासत होती. मला वाटलं गळ्यात पडेल. तिनं वरही पाहिलं नाही.

"मी घसा फोडून सांगून राह्यली होती, मीनं नाई घेतला म्हनून," ती म्हणाली. "कोनाले आयकू नाई आलं. तू एकदा चुकून बकरी म्हनलं, त साऱ्यायले पटलं. माया तोंडापक्षा तुयं नख मोठं झालं काय वं?"

मला राग आला, आणि रडूही आलं. ती खोटं कुठं बोलत होती?

रविवारी टीव्हीला नवी वायर आली. पंचायतीसमोर गाव जमलं. पुढे खुर्चीवर सरपंच, शेजारी जमादार, मागच्या बाजूला साळा. मावशीनं पेटी उघडली, बटण दाबलं, सिनेमाचं नाव आलं, आणि ती बाजूला व्हायचं सोडून पडद्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"आधी सांगा," ती म्हणाली. "मीनं चोरला होता काय?"

लोक हसले. कोणी म्हणालं, "हट ना मावशी!" ती हलली नाही. तिच्या मागे गाणं सुरू झालं, आणि आम्हाला नुसते तिच्या काखेतून नाचणारे हात दिसत होते. मग पोरं ओरडली, "नाई!" बाया म्हणाल्या, "नाई वं बाई, नाई!" जमादार उठून "नहीं, नहीं" म्हणाला. सरपंचानं खाकरून "नाई" म्हटलं.

मावशी साळ्याकडे पाहत राहिली. गाणं संपलं. मारामारी सुरू झाली. सगळ्या गावानं माना मागे वळवल्या, तेव्हा तो खाली पाहून काहीतरी पुटपुटला.

"आयकू नाई आलं," मावशी म्हणाली.

"नाई!" तो ओरडला. "तुमीनं नाई चोरला!"

मग ती बाजूला झाली आणि पदर नीट करून सगळ्यांत पुढे बसली.