चिंचोक्यांचा डबा

वनिताताईंची दाढ चिंचोक्यांनी गेली नव्हती. ती माझ्या घाईने गेली, आणि हे मला तेव्हाच ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी धसईहून त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला, "डॉक्टर, आई गेली हो... बसल्या बसल्या." रडू यायच्या आधी मला माझं ते खोटं आठवलं.

मुरबाडला माझा दातांचा दवाखाना आहे. चार वर्षांपूर्वी वनिताताई आल्या त्या तोंडावर पदर धरूनच. पंचेचाळिशी उलटलेली, अंगणवाडीत मदतनीस. दात पुढे आलेले, म्हणून हसताना पदर. "माझा काय नाय डॉक्टर, पन आता अंगणवाडीची पोरा पन हसताना तोंडाव हात ठेवाय लागली. माझा बघून." त्या वयात तारा लावायला आलेली ती माझी पहिलीच पेशंट. बाजारात बायका चिडवायच्या, "काय गो वने, परत नवरी होतेस काय?" "होईन की! तुझा नवरा नाय मागत," हे स्वतःचं उत्तर त्या मला रंगवून सांगत.

त्यांची वरची एक दाढ फार पूर्वी काढलेली होती. त्या रिकाम्या जागेत मी शेजारची दाढ सरकवायला घेतली. वरच्या दाढांच्या मुळांवर सायनसची, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातली, पोकळी असते. दाढ काढून वर्षं लोटली की त्या पोकळीचा तळ कधी कधी खाली उतरतो; तिथून मूळ न्यायचं तर हलक्या ओढीने, सावकाश. एक्स-रेत उतरलेला तळ दिसत होता. मी तो पाहिला, आणि तरी सुनंदाच्या लग्नाआधी काम व्हावं म्हणून ओढ वाढवली. मूळ झिजलं, दाढ हलायला लागली, काढावी लागली.

"असा कसा झाला?" त्यांनी विचारलं.

"चिंचोके खाल्ले असतील," मी म्हणालो. भाजलेले चिंचोके त्यांना फार आवडत. त्या म्हणाल्या, "आसल." पुढे बाहेरच्या बाकावर बसून प्रत्येकाला बजावायच्या, "तारा हायत तवर चिंचोके खाव नका. माझी दाढ गेली." मी आतून ऐकत असे.

पुढचे दात मात्र सरळ झाले. लग्नाच्या फोटोत पदर खांद्यावर आहे आणि ताई तोंडभर हसताहेत.

महिन्याभरापूर्वी सुनंदा आली. हातात पत्र्याचा डबा, चिंचोक्यांनी काठोकाठ भरलेला. "तारा लागल्या त्या दिवशी आईनं झाकण लावला. एक पन खाल्ला नाय. मग दाढ कशी गेली, ते घरी कधी बोलली नाय." डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "मला पन तारा लावा. दात आईचेच हायत माझे."

तो डबा आता माझ्या टेबलावर असतो. सुनंदाच्या तारा गेल्याच आठवड्यात बसवल्या. आधी सायनसचा तळ नीट पाहिला आणि वेळ लागेल हे तिला सांगितलं. पण त्या सगळ्याच्या आधी मी तिच्या आईचा जुना एक्स-रे कपाटातून काढला आणि तिला बाहेर नेलं, त्याच बाकापाशी. चार-पाच पेशंट बसले होते. त्यांच्यासमोर एक्स-रे उजेडात धरून मी म्हणालो, "सुनंदा, तुझ्या आईने चिंचोके खाल्ले नव्हते. चूक माझी होती, आणि ती मी त्यांच्यावर ढकलली. मला माफ कर."