बंदूक त्यांची, दार आमचं

किस्से जमवण्यासाठी मी वेगळं असं काही केलं नाही. आयटीतली नोकरी गेल्यावर इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये पाट्या बनवायचं एक छोटं दुकान विकत घेतलं, एवढंच! 'ग्रँड ओपनिंग', 'सेल', 'भाड्याने देणे आहे' असले बोर्ड करण्यात दिवस जातील असं वाटलं होतं. पण आमच्या राज्यात कायदा आला की दुसऱ्याच्या खासगी जागेत बंदूक न्यायची तर आधी मालकाची परवानगी हवी. लगेच त्यावर कोर्टकचेऱ्या सुरू! कुणी म्हणे बोर्ड लावायलाच हवा, कुणी म्हणे काही गरज नाही. एकाला बंदूक बाळगायचा हक्क, दुसऱ्याला आपल्या जागेत काय येईल ते ठरवायचा हक्क. दोघांची गाठ पडते ती दारात. आणि दारावरची पाटी करते मी!

*

पहिली ऑर्डर आली फरसाणवाल्या जिग्नेशभाईंची. लाल गोलात बंदूक आणि तिच्यावर आडवी फुली. मी हौसेने स्वतः डिझाइन केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारच्या पार्लरची मालकीण तणतणत माझ्याकडे आली.

"आमच्या हेअर ड्रायरवर फुली मारायचं कारण काय?"

मी पुन्हा नीट बघितलं. ड्रायरच दिसत होता!

मग ते काम वॉल्टकडे दिलं. वॉल्ट म्हणजे दुकानाबरोबर मला मिळालेला जुना कारागीर. सत्तरीचा, दर सीझनला शिकारीला जाणारा. त्याने एवढी हुबेहूब बंदूक काढली की विचारू नका! घोडा, नळी, मुठीवरची नक्षी, सगळं.

जिग्नेशभाईंच्या दारावर बोर्ड लागला आणि तासाभरात एक धिप्पाड गृहस्थ त्याच्यापुढे उभा राहिला. पाच मिनिटं निरखून बघितलं, फोटो काढला, मग दार किलकिलं करून आत डोकं घातलं.

"हे मॉडेल तुमच्याकडे मिळतं का?"

*

या वॉल्टची मला सुरुवातीला फार धास्ती होती. त्याच्याकडे बंदूक बाळगायचा परवाना आहे, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यात जाकिटाच्या डाव्या बाजूला कायम एक फुगवटा! दोन महिने मी त्या फुगवट्याकडे बघत काढले. विचारायचं कसं? मालकीण मी, पण वयाने तो वडलांसारखा.

शेवटी धीर करून म्हटलं, "वॉल्ट, दुकानात बंदूक नसती तर मला बरं वाटलं असतं."

"बॉस, तू कधी 'आण' म्हणालीस?"

"नाही."

"मग ती घरीच आहे. दुकान तुझं. मी न विचारता कशी आणेन?"

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! पण राहवेना. "मग हे जाकिटात काय आहे?"

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच पुडा काढला. जिग्नेशभाईंची बाकरवडी! डॉक्टरांनी तळकट बंद केलं होतं आणि बायको रोज त्याच्या गाडीची झडती घ्यायची.

*

आमचा डेंटिस्ट एकदम सज्जन माणूस. त्याने नम्र पाटी करून घेतली, 'कृपया शस्त्रं गाडीत ठेवून यावीत'. पहिल्याच पेशंटने पाटी वाचली, खुर्चीत बसला, ट्रेमधल्या पकडी, सुया, ड्रिल सगळ्यावरून नजर फिरवली आणि म्हणाला,

"डॉक्टर, हा नियम एकतर्फी नाही वाटत?"

*

पिस्कॅटवेहून दोन एमएसची पोरं आली. एक पुण्याचा, एक मालवणचा. चेहरे उतरलेले.

"ताई, घरात नो गन्स अशी पाटी हवी. अर्जंट!"

त्यांचा तिसरा रूममेट टायलर, टेक्सासचा. त्याने सुट्टीवरून येताना शिकारीची रायफल आणली होती. माणूस गरीब, पण यांना झोप लागेना. मी म्हटलं, अरे, घर तुमच्या मालकीचं नाही. आधी घरमालकीण काय म्हणते ते विचारा.

घरमालकीण म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दादरच्या मावशी. दुकानातूनच फोन लावला, स्पीकरवर.

मावशींनी शांतपणे विचारलं, "कागदपत्रं आहेत ना त्याची? कुलपात ठेवतो ना?"

"हो मावशी, पण यार... म्हणजे, बंदूक आहे हो!"

"असू दे. तिचा वास येत नाही. पण त्या मालवणच्याला सांग, वर बोंबील तळायचे नाहीत! माझे पडदे धुऊन धुऊन विरलेत!"

पोरं 'बोंबील तळू नयेत' अशी पाटी घेऊन गेली. टायलरला सगळं कळलं. आपल्याला घाबरतात हे ऐकून त्यालाच वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात तो रायफल पेनसिल्व्हेनियात काकाकडे ठेवून आला आणि मालवणच्याला म्हणाला,

"मी माझी सोडली. आता तू तुझे सोडून दाखव!"

*

वेस्ट विंडसरचे बापटकाका आणि शिंदेकाका यांची मैत्री तीस वर्षांची. एकाच कंपनीत लागले, एकाच ट्रेनने गेले, एकाच वर्षी रिटायर झाले. मग साताऱ्याच्या शिंदेकाकांनी नेमबाजीचा क्लब लावला आणि रीतसर पिस्तूल घेतलं. बापटकाकांना ते अजिबात पटलं नाही. ते माझ्याकडे आले.

"शुभदा, इंग्रजीत लिही, या जागेत शस्त्र आणण्यास मनाई. आणि खाली मराठीत एक ओळ टाक."

"काय?"

"'शिंदे, तुलासुद्धा.'"

वॉल्टने ती ओळ, मराठीतलं अक्षरही कळत नसताना, सुरेख कापून दिली. शिंदेकाकांनी पाटी वाचली आणि गाडी फाटकातूनच वळवली. तीन महिने अबोला!

खंडेनवमी आली. बापटांकडे दरवर्षी शस्त्रपूजा, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, लॅपटॉप, सुरी-विळी. पूजा सांगणारे बापट, आरतीला आवाज शिंद्यांचा. बापटांच्या निर्मलाकाकूंनी परस्पर शिंद्यांना फोन केला, "भाऊजी, तुमचं ते घेऊन या. आत नाही आणायचं. रस्ता काही यांच्या बापाचा नाही."

शनिवारी सकाळी मी पोचले तर काकूंनी लॉनच्या हद्दीवरून ठिपक्यांची रांगोळी घातली होती. बापटकाका सर्व्हेचा नकाशा हातात घेऊन तपासत होते. पलीकडे रस्त्यावर शिंद्यांची गाडी, डिकी उघडी, आत कुलूपबंद पेटी, पेटीवर झेंडूचा हार.

"शिंदे, गाडी पुढे घे! डिकीचं झाकण माझ्या हद्दीत येतंय!"

"झाकण हवेत आहे! हवा काय विकत घेतलीस?"

तीन महिन्यांत दोघं पहिल्यांदा बोलत होते. म्हणजे ओरडत होते. बापट लॉनवरून मंत्र म्हणत होते आणि काकू रस्त्यावर उभ्या राहून पेटीला हळदकुंकू वाहत होत्या. मधेच शिंदेकाका ओरडले, "मोठ्याने म्हण, ऐकू येत नाही!" आणि बापटकाका हसले. हसू दाबलं, पण मी पाहिलं.

समोरच्या शेजारणीने पोलिसांना फोन केला असावा. गाडी आली. एक तरुण ऑफिसर उतरून लॉनच्या कडेला येऊन उभा राहिला. शिंदेकाकांनी दोन्ही हात वर केले.

"ऑफिसर, पेटीत पिस्तूल आहे. रिकामं, कुलपात. कागद वरच्या खिशात आहेत."

त्याने कागद बघितले, परत दिले. मग हार बघितला.

"आणि ही फुलं?"

"आज त्याचा दिवस आहे," काकू म्हणाल्या. "वर्षभर याने कुणाचं वाईट होऊ नये, म्हणून."

जावं की थांबावं असं ऑफिसरचं चाललं होतं. मग पट्ट्याशी असलेल्या पिस्तुलाकडे बोट करून हळू आवाजात म्हणाला,

"मॅडम, याचीही पूजा होईल का?"

काकूंनी ताट उचललं. तेवढ्यात मागून बापटकाकांचा आवाज आला.

"एक मिनिट, ऑफिसर! तुम्ही माझ्या लॉनवर उभे आहात."

ऑफिसरने खाली बुटांकडे पाहिलं. मग पाय उचलून, रांगोळी न पुसता, तो रस्त्यावर उतरला. शिंदेकाकांनी सरकून त्याला डिकीपाशी जागा करून दिली.