भिंतीखालचे चार खड्डे

भिंगारमधल्या त्या घराची आठवण आली की आजही मला स्वतःचाच राग येतो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नवा फौजदार होतो आणि गुप्तधनाच्या गोष्टींवर माझा चटकन विश्वास बसायचा.

एका सकाळी ठाण्यात एक इसम आला. आपलं तडे गेलेलं घर त्याने महिन्यापूर्वीच एका सुताराला स्वस्तात विकलं होतं. खालच्या आवाजात म्हणाला, "सायेब, त्यानं भिंतीखाली खड्डे खनल्यात. वर हळद-कुंकू वाहिलंय. धन काडतोय त्यो."

दोन शिपाई घेऊन गेलो. मागच्या भिंतीखाली खरंच ओळीने चार खड्डे होते. काठावर हळद-कुंकू, फोडलेला नारळ. माझी खात्रीच पटली.

"असलं पडकं घर कोण शहाणा विकत घेतो रे?" मी सुताराला दरडावलं.

"नीट करून इकायचं हाय, सायेब. सोनईला भावाशेजारी जमीन बघून ठिवलीय. सगळी पुंजी हितं घातलीय. पाया खचलाय, त्यो खालून दगडानं भरून घेतोय. आजच्या दिस दगड बसवू द्या, मग कुटं बी न्या. न्हाईतर भिंत बसंल."

खड्डे बुजवायची एवढी घाई पाहून माझा संशय वाढलाच. पंचनामा केला, दाराला सील ठोकलं आणि त्याला ठाण्यात आणलं. दिवसभर उलटसुलट विचारलं. तो तेच सांगायचा आणि मधेच विचारायचा, "सायेब, भिंत हाय ना उबी?" मला ते नाटक वाटलं.

दुसऱ्या दिवशी खड्डे आणखी खोल खणायला एका म्हाताऱ्या गवंड्याला नेलं. त्याने हाताने मापं घेतली आणि कुदळ खाली ठेवली.

"समदे खड्डे सारखे, मधी तेवडीच जागा सोडलेली. त्या मातीवर भिंत तोललीय. धन हुडकनारा असा मापून खनतो व्हय? आन् कामाला हात घालताना हळद-कुंकू तर आमी बी वाहतो. आदी भाईर चला, सायेब."

ठाण्यात अडकवून ठेवलेल्या सुताराला आणायला मी शिपायाला पिटाळलं. सुतार धावत आला, पण त्याच्या डोळ्यांदेखत वरच्या मातीच्या माळवदासकट भिंत खाली आली.

धूळ बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "सील काडा आता, सायेब. दगड येचून ठिवतो."

संशय घेणं हे पोलिसाचं कामच आहे. पण मी तो एकाच माणसावर घेतला. खबर देणाऱ्याच्या पोटात काय दुखतंय, हे विचारलंच नाही. तो गवंडी तर तीन घरं सोडून राहत होता. आदल्या दिवशी त्याला हाक मारली असती, तरी पुरलं असतं.

ठाण्याच्या डायरीत मी लिहिलं, 'आक्षेपार्ह काही मिळून आले नाही.' भिंतीबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही.