संत्र्यांची रांग

सोलापूरहून माझी गाडी हलली तरी बाबांचं भाषण संपेना. "भांडवलदाराची हमाली करायला चाललायस, विसरू नकोस!" खिडकीला धरून ते चालत होते आणि दुसऱ्या हाताने शेंगाचटणीचा डबा आत सारत होते.

बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, आणि लाल बावट्याचे. आमच्या वह्यांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं असत. ट्रॅक्टरवर बसून हसणारी बाई माझ्या गणितावर वर्षभर हसत राहिली.

सोलापूरकरांनो, वीस वर्षांनी, आई गेल्यावर, त्यांना दक्षिणेत, माझ्या नोकरीच्या गावी पेरुंगुडीला आणलं. एका महिन्याच्या बोलीवर. माझ्या मनात कायमचं.

"रशियापेक्षा इथला माणूस सुखी आहे हे पटव. राहतो!" बाबा म्हणाले.

पंच म्हणून खालच्या मजल्यावरचे राव. मूळ तंजावरचे, आवडी नावाच्या गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त. तरुणपणी प्रशिक्षणाला दोन वर्षं सोव्हिएत देशात राहिलेले! चक्क तिथे राहिलेला माणूस! आम्ही बापलेक त्यांच्यापुढे शाळकरी पोरांसारखे बसलो.

"घराला भाडं नावापुरतं. बाहेर बर्फ, आत भिंतीला ऊब. दवाखाना फुकट," राव म्हणाले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती ऊब त्यांनीच दिली होती.

"पण संत्र्यांना दोन तास रांग. रांग दिसली की आधी उभं राहायचं, काय मिळतं ते मागाहून विचारायचं." आता छाती माझी फुगली.

"एकदा रांगेत मला ताप चढला," राव पुढे म्हणाले. "मागच्या म्हातारीने बाकावर बसवलं, तासभर माझी जागा धरली. भाषा येत नव्हती मला, अय्यो!" त्यांनी खिशातून घडी केलेली पिशवी काढली. कुठे रांग दिसलीच तर हाताशी हवी, ही सवय अजून सुटलेली नाही.

"मग जिंकलं कोण?" मी विचारलं.

रावांनी हसत पिशवीची पुन्हा घडी घातली. बाबा त्या पिशवीकडे बघत राहिले.

महिना संपायला दोन दिवस उरले. सकाळी बाबा घरात नाहीत. धावत खाली गेलो, तर कोपऱ्यावरच्या देवळासमोर भली मोठी रांग. तिच्यात राव आणि, डोळ्यांवर विश्वास बसेना, जन्माचे नास्तिक आमचे बाबा! हातात रावांची पिशवी.

"बाबा, काय मिळतंय?"

"अजून विचारलं नाही."

मिळत होता गरम पोंगल, देवाचा प्रसाद. मी रांगेच्या शेपटाकडे निघालो, तर मागून गिरणीच्या भोंग्यासारखा आवाज आला, "तिकडे कुठे? तुझी जागा धरलीय इथे!"

सोलापूरकरांनो, आता घर कुठे, असं विचारता ना? बाबांच्या पुढे आणि रावांच्या मागे. बाबांचं परतीचं तिकीट रद्द केलंय.